उंबरठ्याच्या आतले मिशन

ख्रिस्ती मिशनऱ्यांवर मराठीत वाद रंगतो तेव्हा तो बहुधा दोन प्रश्नांपाशी अडतो. त्यांनी किती लोक बाटवले, हा एक. आणि त्यांनी किती शाळा-दवाखाने काढले, हा दुसरा. एक पक्ष धर्मांतराची यादी पुढे करतो, दुसरा सेवेची. गंमत नव्हे, गंभीर अडचण अशी की दोन्ही याद्या बऱ्याचदा मिशनच्याच वार्षिक अहवालांतून आलेल्या असतात आणि ते अहवाल मायदेशातल्या वर्गणीदारांसाठी लिहिलेले असतात. वर्गणीदाराला आकडे हवे असतात, म्हणून अहवालांत आकडे असतात. चूल कोणी पेटवली, आजारी शेजारणीजवळ रात्रभर कोण बसले, मूल दगावल्यावर आईने काय केले, याला तिथे जागा नसते. मिशनरी कुटुंबाने परक्या समाजात नेमके काय दिले, काय घेतले आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचे उत्तर मात्र याच गाळलेल्या भागात आहे. मिशनचा इतिहास व्यासपीठावरून वाचण्याऐवजी घरातून वाचावा, एवढे एकच म्हणणे मला इथे मांडायचे आहे. त्यासाठी मुख्य उदाहरण तिबेटी बौद्ध परंपरेच्या हिमालयीन मुलखातल्या एका कुटुंबाचे घेतो.

ठाणे-कल्याणच्या वाचकाला हा मुलूख वाटतो तितका परका नाही. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या ग्रीक व्यापाऱ्याने ‘कल्लियाना’ बंदरात इराणहून नेमलेला बिशप असल्याचे लिहून ठेवले. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. पुढे काही वर्षांतच त्यांच्याच संघाचा ओडोरिक ठाण्याला आला, त्यांच्या अस्थी उचलून त्याने चीनपर्यंत नेल्या आणि आपल्या प्रवासवर्णनात तिबेटचेही वर्णन केले. तो खरोखर तिबेटात गेला होता की ऐकीव माहिती लिहीत होता, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. पण या साऱ्या हकिगतींत एक गोष्ट सारखी आहे. ही माणसे एकटी आली आणि एकटी गेली. त्यांच्यामागे हौतात्म्याची कथा उरली. शेजार उरला नाही. त्यांनी ठाण्याच्या बायकांकडून काही शिकल्याची किंवा त्यांना काही शिकवल्याची खूण सापडत नाही. संसार घेऊन आलेला मिशनरी आपल्याकडे पुढे, एकोणिसाव्या शतकात दिसतो. अमेरिकन मिशनचे जॉन निकल्स आणि त्यांची पत्नी १८१८च्या सुमारास ठाण्यात राहायला आले. १८२४ मध्ये निकल्स वारले. त्यांचे मुंबईतले सहकारी सॅम्युअल न्यूएल १८२१ मध्ये पटकीने गेले, गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर पटकीनेच गेले. हॉल यांची पत्नी आधीच्या वर्षी मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली होती. त्यांतला एक मुलगा वाटेत जहाजावरच वारला.

आता हिमालयाकडे वळू. जर्मनीतल्या हेर्नहूट इथल्या मोरावियन पंथाचे ऑगस्ट विल्हेल्म हायडे आणि एडुआर्ड पागेल १८५३ साली निघाले ते मंगोलियाला जायला. तिबेटमधून वाट मिळाली नाही, तेव्हा त्यांनी तिबेटच्या उंबरठ्यावर, लाहौलमधल्या केलाँगला मुक्काम ठोकला. १८५६ पासून तिथे मिशनचे घर उभे राहू लागले. गाव तीन हजार मीटरहून उंचावर, आणि रोहतांग घाट बर्फाने मिटला की वर्षातले कितीतरी महिने बाहेरच्या जगाशी संबंध तुटलेला. १८५९ मध्ये तिघा मिशनऱ्यांच्या तीन नियोजित वधू युरोपातून तिथवर आल्या. त्यांतली मारिया हार्टमान हिचे लग्न हायडेंशी ठरले होते. ती स्वतः मिशनऱ्याची मुलगी, दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये जन्मलेली. १८९८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षे, ती केलाँगला राहिली. तिने डायरी लिहिली आणि पत्रे लिहिली. पुढे मुलगा गेऱ्हार्ड याने १९२१ मध्ये आईवडिलांचे चरित्र लिहिले. म्हणून हे घर आपल्याला आतून दिसते.

प्रवचनाच्या मापाने मोजले तर केलाँगचे मिशन फसले, असेच म्हणावे लागेल. इतक्या वर्षांत बाप्तिस्मा घेणारे मोजकेच निघाले आणि त्यांतलेही बरेच लडाखकडचे. १९४० मध्ये केलाँगचे केंद्र बंद झाले. घराच्या मापाने पाहिले की चित्र पालटते. लाहौलमध्ये लोकर होती, सूत काढणे होते, हातमागही होता. ते काही मिशनने आणले नाही. सुयांवर मोजे विणायला मात्र बायका शिकल्या त्या मारिया हायडे हिच्याकडून. हिवाळ्यात शेतीची कामे थंडावतात, बाहेर बर्फ, आणि उबेला बसायला मिशनच्या घरातली शेगडी. अशा बैठकींत हे विणकाम रुजले. टाच वळवताना टाके कसे कमी करायचे, हे प्रवचनातून शिकता येत नाही. त्यासाठी शेजारी बसावे लागते, चुकलेले टाके उसवून द्यावे लागतात, आणि शिकवणारीला शिकणारीची बोली यावी लागते. या बायका मोजे विणायला शिकल्या आणि आपल्या धर्मातच राहिल्या. मोज्यांवर त्यांनी आपले रंग आणि आपली नक्षी चढवली. २०२१ मध्ये लाहौलच्या हातविणीच्या मोजे-हातमोज्यांना भौगोलिक मानांकन मिळाले, ते लाहौली कारागिरांची कला म्हणून. बटाट्याची लागवडही त्या खोऱ्यात मोरावियनांनीच आणली असे सांगितले जाते आणि बटाटा पुढे तिथले महत्त्वाचे नगदी पीक झाला. धर्म नाकारला गेला आणि शेजार स्वीकारला गेला, हे एकाच घरात, एकाच वेळी घडले.

घरातून वाचले की किंमतही दिसते, आणि ती कोणी मोजली तेही दिसते. हायडे दांपत्याची काही मुले केलाँगलाच दगावली. जी जगली ती सहा-सात वर्षांची झाली की पंथाच्या शिरस्त्याप्रमाणे जर्मनीच्या शाळेत पाठवली गेली. मारिया स्वतःही लहानपणी अशीच आईबापांपासून दूर वाढली होती. निरोप देताना पुन्हा भेट होईल की नाही याची शाश्वती नसे. पू नावाच्या गावी राहायला गेलेले पागेल पती-पत्नी १८८३ मध्ये थोड्या दिवसांच्या अंतराने वारले. मुंबईच्या इतिहासात याच्या जोडीची एक कहाणी आहे. विल्सन कॉलेज ज्यांच्या नावाने ओळखले जाते त्या जॉन विल्सन यांची पत्नी मार्गारेट हिने मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५ मध्ये ती वारली. तेव्हा मुलगा अँड्र्यू अवघा चार वर्षांचा होता. हाच अँड्र्यू विल्सन मोठेपणी पत्रकार झाला, हिमालयातून हिंडला आणि १८७५ मध्ये त्याने ‘अॅबोड ऑफ स्नो’ हे प्रवासवर्णन लिहिले. त्या प्रवासात तो पूच्या पागेलकडे आणि केलाँगच्या हायडेंकडे उतरला होता. मिशनरी घरात जन्मून आईला लहानपणीच मुकलेल्या माणसाने दुसरी मिशनरी घरे पाहिली, हा धागा आपल्या मिशनविषयक लेखनात येत नाही, कारण त्या लेखनात मुले येतच नाहीत.

या मांडणीवर पहिला आक्षेप असा येईल की विणकाम काय, औषध काय, हे सगळे गळाला लावलेले आमिष होते. अंतिम हेतू धर्मांतराचाच होता. हा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. विदर्भ ज्यात होता त्या तेव्हाच्या मध्य प्रदेश सरकारने नेमलेल्या, न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या समितीने १९५६ च्या अहवालात शाळा, दवाखाने आणि कर्जे यांच्या आडून होणाऱ्या धर्मांतरावर बोट ठेवले होते. हायडे धर्मप्रसारासाठीच गेले होते, ते कोणी लपवले नाही. पण हेतू आणि परिणाम वेगळे तपासावे लागतात. आमिष असते तर मासे लागत नाहीत असे दिसल्यावर ते काढून घेतले गेले असते. केलाँगला बाप्तिस्मे होत नव्हते तरी विणकाम चालू राहिले, उपचार चालू राहिले. उलट, जिथे धान्य किंवा कर्ज देताना धर्माची अट घातली गेली, तिथे नियोगी समितीचा आक्षेप पुरेपूर लागू पडतो. भेद करण्याची कसोटी एकच: ‘नाही’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याशी ते घर दुसऱ्या दिवशी कसे वागले? ही कसोटी अहवालावरून लावता येत नाही, घरावरूनच लावता येते.

दुसरा आक्षेप सत्तेचा. लाहौल ब्रिटिशांच्या ताब्यात होते. मिशनरी जर्मन असला तरी गोऱ्या कातडीचे संरक्षण त्याला होतेच, मग हा शेजार बरोबरीचा कसा? बरोबरीचा नव्हताच. पण रोजच्या जगण्यात ही विषमता उलटतही असे, आणि ते नोंदवायला हवे. मिटलेल्या खोऱ्यात हिवाळा काढायचा तर धान्य, सरपण, भारवाहक आणि भाषा या चारही गोष्टींसाठी मिशनरी कुटुंब स्थानिकांवर अवलंबून होते. हायडेंचे केलाँगमधले सहकारी येश्के यांचा तिबेटी-इंग्रजी कोश १८८१ मध्ये निघाला, तो तिबेटी लिपी आणि ग्रंथ जाणणाऱ्या माणसांशिवाय निघाला नसता. हायडेंनी आयुष्यभर शिकलेली भाषा पुढे दार्जिलिंगला शरच्चंद्र दास यांच्या कोशाच्या संपादनात कामी आली. तिथे ते विद्वान ठरले, पण केलाँगला ते विद्यार्थी होते. घरात सत्ता नाहीशी होत नाही. मात्र ती कुठे चालते आणि कुठे चालत नाही, हे घरात कळते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो: ही डायरी, ही पत्रे, हे चरित्र, सारे एकाच बाजूचे आहे. शेजारच्या लाहौली बाईने मारियाविषयी काय म्हटले असेल ते कोणी लिहून ठेवले नाही. हे खरे आहे, आणि म्हणूनच दुसऱ्या बाजूची घरे शोधायला हवीत. लडाखचे योसेब गेरगन यांनी कित्येक वर्षे खपून बायबलचे तिबेटी भाषांतर पुढे नेले. १९४८ मध्ये ते छापून आले तेव्हा गेरगन हयात नव्हते. त्यांनीच लडाखचा इतिहासही लिहिला. म्हणजे मिशनशी जोडलेला माणूस आपल्या मुलखाचा इतिहासकारही झाला. मराठीत तर ही दुसरी बाजू ठसठशीत आहे. नारायण वामन टिळकांचा १८९५ मधला बाप्तिस्मा हा इतिहासातला एक ठळक दिवस. पण त्या दिवसाने एका बाईच्या स्वयंपाकघरात, नात्यागोत्यात आणि मनात काय उलथापालथ केली, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ने सांगितले. टिळकांच्या धर्मांतरावर किती लेख लिहिले गेले असतील. वाचकाच्या मनात घर केले ते लक्ष्मीबाईंनी.

आज हा विषय काढण्याचे कारण आहे. धर्मांतराचा वाद पुन्हा तापला आहे आणि त्यात आकडेच फेकले जातात. दुसरीकडे, तिबेटी माणूस आता आपल्याच राज्याचा रहिवासी आहे. गोंदिया जिल्ह्यातली नोरग्येलिंग ही निर्वासितांची वसाहत १९७२ पासून आहे, आणि हिवाळ्यात महाराष्ट्रातल्या शहरांत तिबेटी विक्रेते स्वेटर घेऊन बसतात. परक्या मुलखात घर थाटणारा आता तो आहे आणि यजमान आपण आहोत. त्याच्या घरात काय चालते, मुले कुठल्या भाषेत शिकतात, म्हातारी माणसे कशाने कष्टी होतात, हे आपल्यापैकी किती जणांनी विचारले आहे? तीच गोष्ट ठाणे आणि वसईकडच्या ख्रिस्ती घरांची. चर्च किती साली बांधले ते आपण लिहितो. त्या घरांतली जुनी पत्रे, पाककृतींच्या वह्या, आजीच्या तोंडच्या आठवणी यांची नोंद फार थोड्यांनी केली आहे. स्थानिक इतिहास मंडळांनी, महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी आणि त्या घरांतल्या लेकीसुनांनी हे काम अंगावर घ्यावे, अशी माझी विनंती आहे. आणि मिशनऱ्यांवर, बाजूने असो वा विरुद्ध, यापुढे जो कोणी लिहील त्याने आधी तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत: कोण कोणाची भाषा शिकले, धर्म नाकारणाऱ्याला त्या घराचे दार उघडे राहिले का, आणि त्या साऱ्याची किंमत कोणत्या बायकांनी आणि मुलांनी मोजली. ही उत्तरे नसतील तर तो लेख प्रचाराचा समजावा, इतिहासाचा नव्हे.