नामाचा अधिकार

नाव ज्याला प्रथम दिले गेले त्याचे, की ते धारण करणाऱ्यांत जे बहुसंख्य आहेत त्यांचे? हा प्रश्न वारसाहक्काच्या दाव्यात शोभावा असा आहे. परंतु एकविसाव्या शतकाच्या आरंभी तो मोठ्या ईर्षेने लढवला गेला तो वनस्पतिशास्त्रात, आणि तोही बाभळीच्या निमित्ताने.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीझ या ग्रीक वैद्याने इजिप्तमधील एका काटेरी झाडाचे वर्णन 'अकाकिया' या नावाने केले. नाईलकाठची ती बाभूळ आणि दख्खनच्या माळावर, बांधावर उभी असलेली बाभूळ या एकाच जातीच्या. लिनीअसने १७५३ मध्ये तिला लाजाळूच्या प्रजातीत, म्हणजे मिमोझात, बसवले. १७५४ मध्ये फिलिप मिलर याने 'अकेशिया' ही स्वतंत्र प्रजाती मानली. शिंबावंत कुलातील या प्रजातीत पुढे चार खंडांतील झाडे येऊन मिळाली. गोंड्यासारखा फुलोरा आणि फुलात असंख्य सुटे पुंकेसर एवढी खूण पटली की झाड अकेशियात, असा हा सुटसुटीत व्यवहार होता. जातींची संख्या तेराशेच्या वर गेली. त्यांपैकी सुमारे हजार एकट्या ऑस्ट्रेलियातील होत्या.

विसाव्या शतकाच्या अखेरीस जनुकद्रव्याच्या अभ्यासाने हे गोकुळ मोडले. जे एक कुटुंब समजले जात होते त्यात निदान पाच निरनिराळी घराणी नांदत होती, आणि त्यांतील काहींचे जवळचे नातेवाईक अकेशियाच्या बाहेर होते. विभागणी अटळ ठरली. मग मूळ नाव कोणाकडे राहणार?

वनस्पतिनामांच्या आंतरराष्ट्रीय संहितेचे उत्तर स्पष्ट होते. तेथे नाव व्याख्येला चिकटलेले नसते. ते एका नमुन्याला बांधलेले असते. अकेशियाची नमुना-जाती बाभूळ होती, म्हणून नाव तिच्या घराण्याचे. ऑस्ट्रेलियातील जातींना 'रॅकोस्पर्मा' हे नाव घ्यावे लागले असते. परंतु रूढ नावांची उलथापालथ टाळण्यासाठी नियमाला अपवाद करण्याची तरतूदही त्याच संहितेत आहे. तिचा आधार घेऊन ऑर्चर्ड व मॅस्लिन यांनी २००३ मध्ये सुचवले की, नमुनाच बदलावा आणि बाभळीच्या जागी 'अकेशिया पेनिनर्व्हिस' ही ऑस्ट्रेलियन जाती आणावी. बाभळीच्या घराण्यात जाती सुमारे एकशे साठ. मग हजारांची नावे का बदलावीत?

या युक्तिवादाला भारतीय परंपरेतही आधार सापडतो. 'पंकज' म्हणजे चिखलात जन्मलेले. चिखलात पुष्कळ काही जन्मते, तरी शब्द कमळापाशीच थांबतो. रूढी व्युत्पत्तीपेक्षा बलवान, हे शास्त्रकारांनी मान्य केले. 'अकाकिया'चा संबंध काट्याशी जोडला जातो आणि ऑस्ट्रेलियातील बहुतेक जातींना काटाच नाही. पण एवढ्यावरून त्यांचा हक्क बुडत नाही. मात्र पंकजाच्या दृष्टान्तात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: कोणाची रूढी, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. येथे रूढी दोन होत्या. ऑस्ट्रेलियाने १९८८ मध्ये अकेशियाच्याच एका जातीच्या सोनेरी फुलाला राष्ट्रीय पुष्प म्हणून मान दिला. आणि आफ्रिकेत सपाट छत्रीसारखा माथा असलेली, गवताळ मैदानांची ओळख बनलेली झाडेही अकेशियाच म्हटली जात होती. जातींची मोजदाद करता येते. नाव किती जणांच्या तोंडी आहे याची कोणी केली नव्हती.

जुलै २००५ मध्ये व्हिएन्ना येथील काँग्रेसमध्ये मतदान झाले. ५४.९ टक्के मते प्रस्तावाच्या विरोधात पडली. तरीही तो संमत मानला गेला, कारण समितीची शिफारस फेटाळण्यास ६० टक्के मते हवीत, असा निर्वाळा दिला गेला. एखाद्या वर्षी जमलेल्या सभेने तज्ज्ञांचे काम सहज उधळू नये, हा अशा अटीमागील हेतू समजण्यासारखा आहे. पण विसंगती झाकत नाही. झाडांच्या बाबतीत बहुसंख्या हा निर्णायक पुरावा मानला गेला आणि माणसांच्या बाबतीत तिला पुरेसे बळ नाकारले गेले. शिवाय त्या सभेत उपस्थितांच्या मतांखेरीज संस्थांचीही मते असतात, आणि मोठे वनस्पतिसंग्रह बहुतांशी श्रीमंत देशांत आहेत. आफ्रिकेतील अभ्यासकाला व्हिएन्नापर्यंतचा प्रवासखर्चही सोपा नसतो. २०११ मध्ये मेलबर्नला वाद पुन्हा उपस्थित झाला, तडजोडीच्या सूचनाही आल्या. निर्णय कायम राहिला. सोयीसाठी केलेली गोष्ट सोयीसाठी केली असे सांगण्यात कमीपणा नव्हता. तिला न्यायाचे वस्त्र चढवले गेले, तेथे आक्षेपाला जागा झाली.

खैराच्या बाबतीत मात्र निकाल कसाही लागला असता तरी फरक पडला नसता. त्याचे घराणे तिसरेच. त्याला 'सेनेगॅलिया'त जाणे प्राप्तच होते. बाभूळ 'व्हॅशेलिया' झाली. हे प्रजातिनाम वाइट व आर्नट यांनी १८३४ मध्ये भारतीय द्वीपकल्पाच्या वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात देवबाभळीसाठी योजले होते, मकाऊ येथील ईस्ट इंडिया कंपनीचे धर्मोपदेशक व वनस्पतिसंग्राहक व्हॅशेल यांच्या सन्मानार्थ. ज्या झाडाच्या लाकडाची औते झाली, ज्याच्या फांद्यांनी शेतांना कुंपणे घातली, त्याला नाईलकाठचे नाव सोडून कंपनीच्या पाद्र्याचे नाव मिळाले.

कोकणात रस्त्यांच्या कडेने लावलेली 'ऑस्ट्रेलियन बाभूळ' शास्त्राच्या लेखी आजही अकेशियाच आहे. तिची लांबट, कोयत्यासारखी पाने वस्तुतः पाने नव्हेत. ते सपाट झालेले देठ. खरी पाने पाहायची तर नुकतेच रुजलेले रोप पाहावे. त्याची पहिली पाने बाभळीसारखीच बारीक पर्णिकांची असतात. पुढे देठ रुंदावत जातात आणि पर्णिका येईनाशा होतात.