लीनता आणि उमेद



आपल्या संप्रदायावर एक आक्षेप फार दिवसांपासून घेतला जातो. तो घेणारे सगळेच वाईट बुद्धीने घेतात असे नाही; काहींना खरोखरच कोडे पडलेले असते. ते म्हणतात, "तुम्ही वारकरी एकमेकांच्या पाया पडता, स्वतःला पायरीची धूळ म्हणवता, देवापाशी लहानपण मागता. मग तुमच्या मुलांनी काही मोठे करण्याची उमेद बाळगायची ती कोणाच्या जोरावर? जो उठल्याबसल्या स्वतःला हीन म्हणतो, त्याच्या हातून मोठे काम कसे होणार?"

शंका रास्त आहे, आणि आज ती अधिक टोचणारी आहे. घरोघरी कोणी ना कोणी मुलगा किंवा मुलगी मोठी परीक्षा देत आहे, कोणी शेतीत नवे काही करू पाहत आहे, कोणी कर्ज काढून धंदा मांडला आहे. आईबाप विठ्ठलाच्या पायांशी नारळ ठेवतात आणि पोराच्या तोंडाकडे बघत बसतात. पोराचा धीर मात्र आतून सुटत चाललेला असतो, आणि तो घरात कोणाला सांगत नाही.

प्रथम शब्दाकडेच पाहू. विश्वास या शब्दात 'श्वस्' हा धातू आहे. श्वस् म्हणजे श्वास घेणे. ज्याच्याजवळ बसले असता श्वास मोकळा चालतो, छातीत धडधड होत नाही, तेथे विश्वास. तेव्हा आत्मविश्वास म्हणजे आपल्याच ठिकाणी श्वास मोकळा चालणे. छाती फुगवणे नव्हे, बरं का! छाती फुगवली की श्वास उलट कोंडतो. कोणीही करून पाहावे. हल्ली गावोगावी व्याख्याते येतात आणि मुलांकडून ओरडून म्हणवून घेतात की मी काहीही करू शकतो. त्या दिवशी मुले खुशीत घरी जातात. आठवड्याने पुस्तक उघडले की पुन्हा पोटात गोळा. कारण 'काहीही करू शकतो' हे वाक्य खोटे आहे, हे त्या मुलाच्या मनाला पक्के ठाऊक असते. खोट्यावर श्वास मोकळा कसा चालेल?

लीनता म्हणजे खोटे बोलणे नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे. लीनता म्हणजे स्वतःचे माप खरे सांगणे. ज्ञानोबारायांचेच पाहा ना. संन्याशाची पोरे म्हणून वाळीत टाकलेली ती चार भावंडे. मुंजीचा अधिकार नाही, आईबापांचे छत्र नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, प्रवरेच्या काठी नेवाशाला बसून गीतेवर टीका सांगायला आरंभ केला, तेव्हा वय परंपरेप्रमाणे अवघे पंधरा. आरंभीच ते सांगतात की हा आपला उद्योग म्हणजे टिटवीने चोचीने समुद्र मोजायला निघावे तसा आहे. आता कोणी म्हणेल, ही न्यूनगंडाची भाषा झाली. अहो, न्यूनगंड असता तर तेवढे बोलून उठून गेले असते! माउली उठली नाही. चोच लहान आहे हे सांगितले, पाठीशी सद्गुरू आहेत हेही सांगितले, आणि पुढे सुमारे ९,००० ओव्या सांगितल्या. सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. माप लहान असल्याची कबुली आणि आरंभलेले काम तडीस नेण्याची धमक या दोन गोष्टी एकाच मुखात नांदतात, याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

भगवंतांनी गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्त्याचे तीन प्रकार केले आहेत. त्यांतला सात्त्विक कर्ता कसा? तो 'मी मी' म्हणत नाही. पण त्याच्या अंगी धृती आणि उत्साह आहेत. आमच्याकडे लोक पहिला भाग पाठ करतात आणि दुसरा सोडून देतात. मी म्हणायचे नाही एवढेच धरले, आणि हातपाय गाळून बसण्यालाच भक्ती म्हणू लागले. धृती आणि उत्साह ही गीतेने सांगितलेली लक्षणे आहेत. ती नसतील तर नुसते 'मी' न म्हणणे हा केवळ आळस होय.

आता रामायणातला एक प्रसंग सांगतो. वाल्मीकींनी किष्किंधाकांडाच्या शेवटी तो फार बारकाईने रंगवला आहे. सुग्रीवाने सीतेच्या शोधासाठी दिलेली एक महिन्याची मुदत संपून गेली आहे. दक्षिणेकडे गेलेले वानर हताश होऊन अन्नपाणी सोडून मरायला बसले आहेत. इतक्यात पंख जळालेला म्हातारा संपाती सांगतो की सीता लंकेत आहे. ठिकाण कळले, पण मध्ये शंभर योजने समुद्र! अंगद प्रत्येकाला विचारतो, तुझी उडी किती?

गज म्हणाला, दहा योजने. गवाक्ष म्हणाला, वीस. शरभ तीस, ऋषभ चाळीस, गंधमादन पन्नास, मैंद साठ, द्विविद सत्तर, सुषेण ऐंशी. जांबवंत म्हणाला, आता वय झाले, नव्वद जाईन. अंगद म्हणाला, शंभर जाईन, पण परत येण्याची खात्री नाही.

कीर्तनात हा भाग आला की लोक हसतात, लिलाव चालला आहे असे त्यांना वाटते. मला मात्र या सभेबद्दल मोठा आदर वाटतो. दहा म्हणणाऱ्या गजाने लाजेने वीस सांगितले नाहीत, आणि त्याला कोणी हिणवलेही नाही. अंगद तर युवराज. त्याने आपली शंका भर सभेत बोलून दाखवली. आज आपल्या घरात असे होते का? मुलाने सांगितले, "बाबा, मला अजून गणित नीट जमत नाही," तर बाप म्हणतो, "मग इतके पैसे कशाला ओतले?" पुढच्या खेपेला तो मुलगा खरे सांगत नाही. त्याची दहाची उडी तो शंभरची म्हणून सांगतो आणि रात्री जागा राहतो.

या सगळ्या गडबडीत हनुमंत कुठे होता? एका बाजूला गप्प बसला होता. आपली उडी किती, हे त्याने सांगितलेच नाही. उत्तरकांडात ऋषींच्या शापाची कथा येते की कोणी आठवण करून दिल्याशिवाय त्याला स्वतःचे बळ आठवायचे नाही. शाप बाजूला ठेवला तरी गोष्ट खरीच आहे. स्वतःचे बळ स्वतःला दिसत नाही, जसा स्वतःचा डोळा दिसत नाही. जांबवंत त्याच्याजवळ गेला. काय सांगितले त्याने? 'तू काहीही करशील' असे मोघम बोलला नाही. तुझा जन्म असा, तू बाळपणी सूर्याकडे झेप घेतली होतीस ती अशी, तुला वर मिळाले ते असे, हे सगळे घडलेले त्याने पुढे मांडले. ज्याला कोणाचा धीर वाढवायचा असेल त्याने ही पद्धत शिकून घ्यावी. मुलाने पूर्वी जे प्रत्यक्ष केले आहे, ते त्याला आठवून द्यावे.

गेल्या वर्षी एका गावी कीर्तन आटोपल्यावर पंचविशीचा एक मुलगा मागे थांबला. स्पर्धा-परीक्षेत दोनदा अपयश आलेले. म्हणाला, "महाराज, माझ्याच्यानं आता होणार नाही. घरी तोंड दाखवावंसं वाटत नाही." मी विचारले, "बाळा, पहिल्या वेळेला किती गुण होते?" त्याने सांगितले. "दुसऱ्या वेळेला?" तेही सांगितले, ते अधिक होते. बोलता बोलता कळले की बाप आजारी असताना बारावीच्या वर्षी याने सारा हंगाम एकट्याने काढला होता आणि परीक्षाही दिली होती. मी म्हटले, "ही गोष्ट तू विसरलास, आणि नापास झालास तेवढेच लक्षात ठेवलेस?" पुढे त्याला हेही सांगितले की परीक्षा ही समुद्रापलीकडे जायची एक वाट आहे, समुद्र काही तिच्या नावावर लिहून दिलेला नाही. आणखी किती वेळा बसायचे, हे घरच्यांशी बोलून आजच ठरव. ठरवून थांबण्यात काही कमीपणा नाही.

येथे कोणी म्हणेल, सर्व विठ्ठलाच्या कृपेने होते, तर एवढा खटाटोप कशाला? याचे उत्तर वारीच्या वाटेवर मिळते. आळंदीहून पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला दिवे घाटाच्या पायथ्याशी विचारा, "आजी, पंढरपूरला पोचाल का?" ती म्हणेल, "माउली नेतील. आज सासवड गाठायचं." कृपा आणि पाय यांचे भांडण तिच्या मनात नाहीच. नेणारी माउली, पण चालणारे पाय आपले, आणि हिशेब फक्त आजच्या मुक्कामाचा. सासवड, जेजुरी, वाल्हे, मग नीरेचे स्नान, लोणंद, तरडगाव, फलटण. एकेक करत वाखरी येते.

आणि ही पालखीची शिस्त तरी आपोआप आली काय? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आरफळच्या हैबतबाबांनी ती मनावर घेतली. शिंद्यांच्या दरबारी सरदारकी केलेला माणूस, माउलींच्या पायांशी येऊन राहिला. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून घोडे आले. आजही तेथूनच अश्व येतात. जोग महाराजांचे तसेच. तरुणपणी तालमीत घुमलेला मल्ल. त्यांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली आणि १९२० मध्ये त्यांनी देह ठेवला. स्वतः लावलेल्या झाडाची सावली अवघी तीन वर्षे लाभली, झाडाने मात्र शंभरी ओलांडली. या दोघांनाही 'मी मोठा' म्हणण्याची गरज पडली नाही. काम माउलींचे होते, म्हणून ते मोठे मागायला लाज वाटली नाही. आमचे काही तरुण अधिकारी होऊ पाहतात ते हुंडा वाढावा म्हणून. तेथे आत्मविश्वास डळमळणारच, कारण आतला साक्षी साथ देत नाही.

पुन्हा हनुमंताकडे येतो. उडी मारली म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्यांनी सुंदरकांड वाचावे. वाटेत मैनाक पर्वत विसावा देऊ करतो. हनुमंत त्याला हाताने स्पर्श करून मान देतो आणि पुढे जातो. सुरसा तोंड पसरते, हा वाढतो, ती आणखी पसरते. शेवटी हा अंगठ्याएवढा होऊन तिच्या तोंडात शिरतो आणि बाहेर येतो. मोठेपणाची ईर्षा करत बसला असता तर समुद्र बाजूलाच राहिला असता. लंकेत रात्रभर शोध चालतो. मंदोदरीला पाहून हीच सीता असे वाटून तो आनंदाने आपल्या शेपटीचे चुंबन घेतो! क्षणाने कळते की ही नव्हे. मग मात्र त्याचा धीर खचतो. शंभर योजने ओलांडणारा तो वीर जीव द्यावा या विचारापर्यंत येतो.

ज्यांच्या घरात पोर गप्प झाले आहे त्यांनी हा सर्ग जरूर वाचावा. खचणे हा नालायकपणा असता तर वाल्मीकींनी तो हनुमंताच्या वाट्याला दिला नसता. आणि हनुमंत त्यातून बाहेर कसा आला? तो स्वतःशी हिशेब मांडतो: मरण्यात पुष्कळ दोष आहेत. जिवंत राहिलो तर काहीतरी चांगले घडू शकेल. संस्कृतात यालाच अनिर्वेद असा सुरेख शब्द आहे. निर्वेद म्हणजे खचून विटणे, ते होऊ न देणे. हा विचार झाल्यावर त्याने पाहिले की सगळी लंका धुंडाळली खरी, पण अशोकवन तेवढे पाहायचे राहिले आहे. त्याने देवांना नमस्कार केला, भिंतीवरून उडी घेतली आणि शिंशपेच्या झाडावर पानांत दडून बसला. रात्र अजून थोडी उरली होती.