रेखाबाचे पुत्र आणि पेल्याचे वय

यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथाचा 35 वा अध्याय ह्या आठवड्यात घरोघर वाचावा. आणि ज्या मंडळीत वाचता येणारे थोडे आहेत, तेथे उपदेशकाने तो मोठ्याने वाचून दाखवावा. प्रसंग असा आहे की, खास्द्यांच्या फौजेच्या भयाने रेखाबी नावाचे तंबूत राहणारे लोक यरुशलेमात आश्रयास आले होते. देवाच्या आज्ञेवरून यिर्मयाने त्यांस मंदिरातील एका कोठडीत नेले, त्यांच्यापुढे द्राक्षारसाने भरलेली भांडी व पेले ठेविले आणि प्या म्हणून सांगितले. ते प्याले नाहीत. कारण विचारले तर एवढेच की, आमचा पूर्वज योनादाब ह्याने आम्हांस व आमच्या मुलाबाळांस ते मना केले आहे. योनादाब हा येहू राजाच्या काळचा मनुष्य. त्यास जाऊन सुमारे अडीचशे वर्षे लोटली होती. इतक्या काळात किती राजे आले व गेले! परंतु बापाने मुलास व मुलाने आपल्या मुलास ती गोष्ट सांगण्याचे सोडिले नाही.

त्या अध्यायात देवाने द्राक्षारसास शाप दिलेला नाही, हे लक्षात ठेवावे. त्याने त्या घराण्याच्या आज्ञापालनाची वाखाणणी केली आहे, आणि त्याच्यापुढे आपल्या प्रजेस लाजविले आहे.

हा अध्याय आज घेण्याचे कारण, दारू पिण्याचे वय किती असावे हा वाद आपल्या राज्यात पुनःपुन्हा उठतो. महाराष्ट्राचा दारूबंदीचा कायदा 1949 सालचा आहे. त्याच्या नियमांप्रमाणे पिणाऱ्यास परवाना लागतो, आणि सरकारने 2011 साली जाहीर केलेल्या व्यसनमुक्तीच्या धोरणात कडक दारूस 25 वर्षे व बिअर आणि वाईन ह्यांस 21 वर्षे असे वय धरिले आहे. त्याच वर्षी इम्रान खान नावाच्या चित्रपटनटाने ह्याविरुद्ध मुंबईच्या उच्च न्यायालयात अर्ज केला. हे वय उतरावे असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा थोडक्यात असा की, ज्यास 18 व्या वर्षी मत देता येते त्यास पेला का नाकारावा? दुसऱ्या काही राज्यांत 18 वर्षांच्या मुलास दारू मिळते, मग येथे का नाही?

मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपली शिकलेली मुले तो घरी येऊन बोलतात, आणि पुष्कळ आईबाप निरुत्तर होतात. मताचे वय 21 वरून 18 वर आले ते घटनेच्या 61 व्या दुरुस्तीने, 1989 साली. परंतु मत देताना मनुष्य आपली बुद्धी कामास लावितो, आणि पेला प्रथम त्या बुद्धीवरच हात घालितो. ह्या दोन गोष्टी एका मापाने कशा मोजाव्या? मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालते, आणि जो लहान वयात पिऊ लागतो त्यास व्यसन जडण्याचा धोका अधिक असतो, असे वैद्यकशास्त्र आज सांगते. अमेरिकेने हा प्रयोग करून पाहिला आहे. तेथे 1971 साली मताचे वय 18 झाले, त्यासरशी अनेक राज्यांनी पिण्याचे वयही उतरविले. आणि रस्त्यांवर तरुण मुलांचे मृत्यू वाढले. शेवटी 1984 साली तेथील सरकारने कायदा केला, आणि जे राज्य 21 वर्षांचे वय ठेवणार नाही त्याच्या रस्त्यांच्या पैशांत कपात लाविली. श्रीमंत व शिकलेल्या देशास हे मुलांच्या मृत्यूंवरून कळले. आम्हांस ते तसेच शिकण्याचे प्रयोजन नाही. वय उतरवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता आपल्या रानाकडे वळू. पूर्वीच्या चांदा जिल्ह्याचे 1982 साली दोन भाग झाले. गडचिरोलीत 1993 सालापासून दारूबंदी आहे, ती डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्यांनी आणि गावोगावच्या लोकांनी वर्षानुवर्षे चळवळ करून मिळविली. चंद्रपुरातील स्त्रिया 2010 साली चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनापर्यंत पायी गेल्या; 1 एप्रिल 2015 पासून त्यांच्या जिल्ह्यासही बंदी मिळाली, आणि 2021 साली सरकारने ती उठविली. बंदीमुळे चोरटी दारू वाढली, असे कारण देण्यात आले. ज्या चालल्या त्यांस ते किती लागले असेल! ह्यामुळे आज वैनगंगेच्या एका तीरावर दारूला वय आहे, आणि दुसऱ्या तीरावर कोणत्याच वयास ती नाही. खाली सिरोंच्याकडे प्राणहिता ओलांडली की तेलंगण लागते, तेथे 21. मुलगा तोच, आणि नाव पलीकडे न्यावयास वेळ तो कितीसा?

म्हणूनच आमचे सांगणे केवळ सरकारास नाही. परवान्याच्या दुकानात वय विचारण्याची सोय तरी आहे. आपल्या खेड्यांतील बहुतेक मुलांच्या ओठास पहिला घोट दुकानात लागत नाही. तो घराच्या मागे लागतो, जेथे मोहाचा सडवा मडक्यात घातलेला असतो. लग्नाच्या मांडवात लागतो, जेथे मामा कौतुकाने पुढे करितो. आणि त्या वाटेवर लागतो, जिच्यावरून बाप दहा वर्षांच्या पोरास बाटली आणावयास पाठवितो. (आणि हाच बाप रविवारी उपासनेत पुढे बसलेला असतो, हेही पुष्कळांस ठाऊक आहे.) तेंदूच्या हंगामात पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आईबापांबरोबर पाने तोडितो, पुडके बांधितो, आणि त्याच्या हाती प्रथमच स्वतःचे पैसे येतात. त्या संध्याकाळी त्याच्या शेजारी कोण बसतो, ह्यावर पुढचे पुष्कळ ठरते. तेथे 21 की 25 हे विचारणारा कोणी शिपाई येत नाही. तेथे योनादाब पाहिजे.

मोहाविषयी एक शब्द. झाडास दोष देऊ नका. चैत्रात पहाटे उठून आपल्या माताभगिनी जी फुले वेचितात, त्यांवर कित्येक घरांची चूल चालते; त्यांचे लाडू होतात, भाकरीतही ती घालितात. तसेच आपले जे गोंड व माडिया सोयरे देवापुढे व पितरांपुढे मोहाची धार सोडितात, त्यांच्या मांडवात जाऊन उपदेशकाने नाक मुरडू नये. पेला नाकारावा तो हात जोडून, घरच्या वडील मनुष्याजवळ बसून व जेवून. दानीएल लहान वयात परक्या राजाच्या वाड्यात होता. त्याने राजाचा द्राक्षारस घेतला नाही, परंतु कामदाराशी नम्रतेने बोलून दहा दिवसांची पारख मागितली. बोलणे कसे करावे हे त्याच्यापासून शिकावे.

काना गावच्या लग्नाची गोष्ट काढून कोणी तुम्हांस अडवील. त्यास सांगावे की, प्रभूने तो पेला यजमानाची लाज राखण्यासाठी भरिला. आमच्या मांडवांत पेल्यानेच यजमानाची लाज जाते. तीमथ्याचे नाव निघाले तर पौलाचे ते वाक्य पुरते वाचून दाखवावे. पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घे, असे त्यास सांगावे लागले, ह्यावरून तो तरुण सेवक तोवर पाण्यावरच राहत होता असे दिसते.

आता कामाची गोष्ट. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभेस मादक पदार्थांची विक्री व सेवन बंद करण्याचा किंवा त्यांस मर्यादा घालण्याचा अधिकार 1996 च्या पेसा कायद्याने मान्य केला आहे. गडचिरोलीतील बहुतेक गावे व चंद्रपुरातील काही ह्यात येतात. अन्यत्र, जेथे परवान्याचे दुकान आहे तेथे, ते बंद करण्यासाठी स्त्रियांस आडव्या बाटलीचे मत मागता येते. ह्या दोन्ही ठिकाणी मताचे वय 18 हेच आहे. जो मुलगा मताचा हक्क दाखवून पेला मागतो, त्यास त्याच हक्काने सभेत बसवावे. महाराष्ट्रदिनाची, म्हणजे 1 मेची ग्रामसभा बहुधा तेंदूच्या हंगामाच्या तोंडाशीच येते. पाने तोडण्याची घाई असेल, तरी प्रत्येक घरातून एक मोठी बाई व अठरा वर्षे पुरी झालेला एक मुलगा त्या सभेस जाईल, असे उपदेशकांनी पाहावे. आणि हंगामात गावात सडवा घालू नये व लहान मुलाच्या हाती बाटली देऊ नये, हा ठराव त्या मुलाकडूनच मांडवून घ्यावा.