प्रारब्ध, पूर्तकर्म आणि रस्त्यावरचा मृत्यू

12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा त्या महापुराला दैवी कोप म्हणून मोकळे होणे सोपे होते. तरीही त्याची चौकशी आयोगाकडून झाली, कारण पाऊस निसर्गाचा असला तरी अपुऱ्या बांधकामात पाणी साठवण्याचा निर्णय माणसांचा होता. रस्त्यावरच्या मृत्यूला मात्र हा न्याय अजून पुरता लागू झालेला नाही. पुण्याहून खडकवासल्याच्या जलाशयाकाठाने पानशेतला जाणाऱ्या रस्त्यावर असो वा मुंबईत, घरातले माणूस गेले की ‘त्याचे आयुष्य तेवढेच होते’ असे समजावले जाते.

कर्मविचारात संचित म्हणजे साठलेले कर्म, प्रारब्ध म्हणजे त्यातले भोगास आलेले, आणि क्रियमाण म्हणजे आज हातून घडत असलेले. प्रारब्ध कळते ते घटना घडून गेल्यावरच. म्हणून शोक करणाऱ्याने स्वतःच्या सांत्वनासाठी त्याचा आधार घेणे योग्य ठरते, परंतु ज्याच्याकडे खड्डा बुजवण्याचे काम होते त्याने तोच आधार घेणे हा त्या सिद्धान्ताचा सरळ दुरुपयोग होय, कारण त्याचे काम क्रियमाणात मोडते.

मुंबईतील भाजीविक्रेते दादाराव बिल्होरे यांचा सोळा वर्षांचा मुलगा जुलै 2015 मध्ये जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर, पावसाच्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यात दुचाकी आदळून गेला. त्यानंतर बिल्होरे यांनी बांधकामांवरची खडी, राडारोडा आणि पेव्हर ब्लॉकचे तुकडे गोळा करून शहरातले शेकडो खड्डे स्वतः बुजवले. धर्मशास्त्र यज्ञयागांना ‘इष्ट’ आणि विहीर, तळे, अन्नदान अशा लोकोपयोगी कामांना ‘पूर्त’ म्हणते. गेलेल्या माणसाच्या नावाने पाणपोई घालण्याची आपली रीत त्यातलीच, आणि बुजवलेला खड्डा हे त्या परंपरेतले अस्सल पूर्तकर्म आहे.

पण पूर्तकर्माने जाब विचारण्याची गरज संपत नाही. महाभारताच्या स्त्रीपर्वात शंभर पुत्र गमावलेली गांधारी, युद्ध थांबवण्याचे सामर्थ्य असूनही उपेक्षा केली, असा दोष थेट श्रीकृष्णाला देते. तिचा प्रश्न धर्माला धरून होता, तिच्या शापाने मात्र आणखी एक कुळ बुडाले. आजची शोकग्रस्त कुटुंबे तोच प्रश्न विचारतात, पण दुसऱ्या कोणाचे घर उजाडू नये यासाठी. नोव्हेंबरचा तिसरा रविवार रस्ते-अपघातातील बळींच्या स्मरणाचा दिवस म्हणून संयुक्त राष्ट्रांनी 2005 मध्ये स्वीकारला, त्याची सुरुवात इंग्लंडमधील अशाच कुटुंबांच्या संघटनेने केली होती. आणि जखमीला मदत करणाऱ्याला पोलीस-कोर्टाच्या ससेमिऱ्यापासून मिळालेले संरक्षण, जे 2016 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात आले, तेही नात्यातला मुलगा गमावलेल्या माणसाने उभारलेल्या संस्थेच्या याचिकेचे फळ आहे.

त्याच दुरुस्तीने सदोष रस्त्यासाठी ठेकेदार व यंत्रणा यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड ठेवला. तो दोष सिद्ध व्हायचा तर पंचनाम्यात चालकाच्या चुकीइतक्याच काळजीने खड्ड्याची खोली, तुटलेला कठडा आणि बंद दिवा यांचीही नोंद झाली पाहिजे, आणि दवाखान्यात धावपळ करणाऱ्या नव्या कुटुंबाला हे त्याच दिवशी सांगू शकेल असे माणूस बहुधा तेच असते, जे स्वतः त्यातून गेलेले आहे.