बाणाच्या शेपटाकडची हिंसा

क्यूदो या जपानी धनुर्विद्येत बाण कुणाचा जीव घ्यायला सुटत नाही. 28 मीटरवर कागदी लक्ष्य असतं, आणि ते भेदलं की नाही यापेक्षा सोडणाऱ्याचं चित्त कसं होतं याला मोल अधिक. पण या निरुपद्रवी बाणाला तीन पिसं लागतात, आणि परंपरेत खरा मान समुद्री गरुडाच्या नि सोनेरी गरुडाच्या पिसांना. टोकाकडची हिंसा अशी शेपटाकडे सरकते. म्हणून पीस कोणतं लावावं हा प्रश्न मला हौसेचा वाटत नाही, धर्माचा वाटतो. आपल्याकडे हिंसेच्या जबाबदारीची सर्वांत बारीक चिकित्सा जैनांनी केली आहे: हिंसा स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि नुसती अनुमोदिलेली, तिन्ही प्रकारे कर्त्याला चिकटते. दिगंबर मुनींची पिंछी, म्हणजे हातातली झाडणी, मोरपिसांचीच असते, पण मोराने आपणहून टाकलेल्या. किडामुंगी वाचवण्याचं साधन मोर मारून मिळवलं, तर त्याला अर्थच उरत नाही. चित्तशुद्धीच्या बाणालाही हाच न्याय लागू व्हायला हवा.

मग गळालेली गरुडपिसं चालतील की, असं कुणी म्हणेल. तत्त्वतः चालतील; पण गळालेलं पीस आणि मारून उपटलेलं पीस बाजारात सारखंच दिसतं, आणि किंमत आली की शिकारीला कारण मिळतं. अमेरिकेत 1918च्या कायद्याने बहुतेक रानपक्ष्यांचं वाटेत पडलेलं पीससुद्धा बाळगता येत नाही, ते याच भीतीने. पिसाऐवजी प्लास्टिकचं पातं हा उपाय हातावरून सुटणाऱ्या बाणाला मानवत नाही: पीस धनुष्याला घासताना दबतं, पातं आपटतं आणि बाण भरकटतो. राहता राहिली टर्की. ती मांसासाठी मारलेलीच असते, म्हणून तिचं पीस निर्दोष, हा युक्तिवाद मला पुरता पटत नाही. विकत घेणं हेही अनुमोदनच. तरीही फरक आहे. पिसासाठी म्हणून टर्की सहसा कुणी मारत नाही, गरुड मात्र मारला जाऊ शकतो. परंपरेचा मान राखायचा तर कसा, या आक्षेपाला उत्तर क्यूदोच्याच सरावात आहे: तिथे टर्कीची पिसं आज सर्रास वापरतात आणि बाण नीट जातो. तेव्हा धनुर्धराने टर्कीचं पीस घ्यावं, त्याला शुद्ध मात्र म्हणू नये. गरुडाचं तर दुकानात समोर आलं तरी घेऊ नये.