मूळ आणि फळ : कुंडीतील मातीचा एक प्रश्न

एखादी वस्तू हलाल कमाईतून, रास्त किमतीला, खऱ्या मालकाकडून आणि त्याच्या राजीखुशीने विकत घेतली की ती आपली झाली, असे आपण मानतो. व्यवहाराच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु सौदा निर्दोष असला म्हणजे त्या वस्तूचा वापरही आपोआप निर्दोष ठरतो काय? मोठ्या व्यवहारांत हा प्रश्न कोणीतरी विचारतोच. लहानसहान वस्तूंच्या बाबतीत तो सहसा कोणी विचारत नाही, कारण तेथे कोणाचे नुकसान झाले हे डोळ्यांना दिसत नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये कुंडीत भरावयाच्या मातीवरून कित्येक वर्षे चाललेला वाद अशाच एका लहानशा वस्तूविषयी आहे. त्या वस्तूचे नाव पीट.

थंड व पावसाळी प्रदेशांतील दलदलींमध्ये स्फॅग्नम नावाचे शेवाळ वाढते. ते आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते. त्या पाण्याखाली हवा पोहोचत नाही, म्हणून मेलेले शेवाळ पुरते कुजत नाही आणि थरावर थर साचत जातो. हा तपकिरी, हलका, अर्धवट कुजलेला थर म्हणजे पीट. वर्षाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे हजार वर्षांत एक मीटर, एवढीच त्याची वाढ. इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यात 1970 मध्ये पीट खणताना लाकडी फळ्यांची एक पायवाट सापडली. लाकडातील वाढीच्या कड्या मोजून ती इ.स.पूर्व 3807-3806 च्या सुमाराची असल्याचे अभ्यासकांनी ठरवले. सुमारे 5800 वर्षे दलदलीने ते लाकूड सांभाळले. कार्बनही ती असाच सांभाळते. पृथ्वीवरील जमिनीच्या केवळ तीन टक्के भागावर पीट आहे, पण जगातील सर्व जंगलांच्या झाडाझुडपांत मिळून जेवढा कार्बन आहे त्याहून अधिक त्यात साठलेला आहे. पीट काढण्यासाठी दलदलीत चर खणून पाणी काढून टाकावे लागते. मग हवा आत शिरते, हजारो वर्षे थांबलेली कुजण्याची क्रिया सुरू होते आणि तो साठा वायुरूपाने निसटू लागतो.

असे पीट कुंडीत आले कसे? पूर्वी तेथील माळी पोयटा, शेणखत आणि पानांचे कुजवलेले खत वापरीत. 1930 च्या दशकात जॉन इन्स संस्थेने रोपांसाठी जे मिश्रण तयार केले, त्यात सात भाग पोयटा, तीन भाग पीट आणि दोन भाग वाळू होती. पीट त्यात पाव हिश्श्याइतके होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लास्टिकच्या पिशव्यांतून जे तयार मिश्रण विकले जाऊ लागले, त्यात मात्र पीटच मुख्य झाले. वास्तविक पीटमध्ये झाडाला लागणारे पोषण फारसे नसते. ते आम्लधर्मी असल्याने त्यात चुना मिसळावा लागतो आणि खतही वरून घालावे लागते. तरीही ते आवडते, कारण ते वजनाला हलके असते, पाणी व हवा दोन्ही धरते आणि प्रत्येक पिशवीत एकसारखे निघते. म्हणजे त्याचे खरे मोल सोयीत आहे.

ब्रिटिश सरकारने 2011 मध्ये घरगुती बागांतील पीटचा वापर 2020 पर्यंत स्वेच्छेने थांबावा असे उद्दिष्ट ठेवले. ते साधले नाही. मग 2022 मध्ये घरगुती बागांसाठी पीटची विक्री 2024 पर्यंत बंद करण्याचा इरादा जाहीर झाला. पण 2024 सरले तरी तसा कायदा झाला नाही. कायदा येईल किंवा न येईल. ज्या माणसाला आपल्या कृत्यांचा हिशेब अल्लाहसमोर द्यावयाचा आहे, त्याचा प्रश्न कायद्याची वाट पाहत थांबत नाही.

पीट वापरणाऱ्यांची बाजू आपण नीट ऐकून घेतली पाहिजे. ते म्हणतात, दलदल कोणाच्या तरी मालकीची आहे आणि मालकाने ती राजीखुशीने विकली आहे. दुसरे असे की, शेतीसाठी पाणी काढून टाकलेल्या दलदलींतून आणि जळणासाठी काढलेल्या पीटमधून होणारी हानी बागांमुळे होणाऱ्या हानीपेक्षा कितीतरी मोठी आहे. हे म्हणणे खरे आहे. त्यावरून ते विचारतात, माझ्या एका पिशवीने काय होणार?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आपल्या परंपरेत फार पूर्वी दिले गेले आहे. इब्न माजा यांच्या हदीस-संग्रहात असे कथन आहे की, हजरत सअद (रजि.) वुजू करीत असता पैगंबर (स.) यांनी पाण्याच्या उधळपट्टीबद्दल त्यांना हटकले. वुजूसारख्या इबादतीतही इसराफ होतो काय, असे त्यांनी विचारले. होय, वाहत्या नदीकाठी बसला असाल तरीही, असा उत्तराचा आशय होता. येथे थोडे थांबून विचार करा. एका माणसाच्या वुजूने नदी आटत नाही, हे दोघांनाही ठाऊक होते. तरीही इसराफ तो इसराफच ठरला. नदीचे किती नुकसान झाले, एवढ्यावर कृत्याचे माप ठरत नाही. देणगी हाती आली असता माणूस तिच्याशी कसा वागतो, हेही त्या मापात येते. त्यामुळे ‘माझ्या एकट्याने काय होणार’ हे म्हणणे खरे असले तरी ते विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नव्हे.

आता मालकीचा मुद्दा घेऊ. खैबर येथे हजरत उमर (रजि.) यांच्या वाट्याला उत्तम जमीन आली, तेव्हा तिचे काय करावे हे त्यांनी पैगंबर (स.) यांना विचारले. मूळ जमीन राखून ठेवावी आणि तिचे उत्पन्न सदका करावे, असा सल्ला त्यांना मिळाला. ती जमीन विकली जाणार नाही, बक्षीस दिली जाणार नाही, वारसाहक्काने वाटली जाणार नाही असे ठरले. तिची देखभाल करणाऱ्याने मात्र रीतीप्रमाणे त्यातून खावे, ही मुभा राहिली. वक्फच्या व्यवस्थेचा हा पाया आपल्या परिचयाचा आहे. दलदल काही फिकहच्या अर्थाने वक्फ नाही, आणि तसे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु मूळ आणि फळ यांतील जो भेद त्या प्रसंगाने शिकवला, तो येथे नेमका लागू पडतो. झाडाची गळलेली पाने हे फळ आहे; पुढच्या वर्षी ती पुन्हा गळतील. पीट हे मूळ आहे. एक फूट खोलीची कुंडी भरण्यासाठी जो थर लागतो, तो दलदलीत साचण्यास साधारण तीनशे वर्षे गेलेली असतात. विकणारा, घेणारा आणि त्यांची नातवंडे गेल्यावरही तो भरून येणार नाही. जी वस्तू माझ्या हयातीत परत निर्माण होणार नाही, तिच्यावर माझा ताबा असू शकतो. पण ती संपवून टाकण्याचा हक्क मला त्या ताब्यातून मिळतो, असे म्हणणे कठीण आहे. अमानत याचा अर्थ याहून वेगळा काय असतो?

पीटभूमीचा विचार उलेमांनी यापूर्वीही केला आहे. इंडोनेशियात पाणी काढून सुकवलेल्या पीटच्या जमिनी 2015 मध्ये मोठ्या प्रमाणावर जळाल्या आणि धुराने लोकांचे हाल झाले. 2016 मध्ये तेथील उलेमा परिषदेने लोकांना व पर्यावरणाला हानी पोहोचवणारे जंगल आणि जमिनी जाळणे हराम असल्याचा फतवा दिला. आग लावणे आणि कुंडी भरणे यांत अर्थातच फार अंतर आहे, आणि प्रत्येक अप्रिय गोष्टीला हराम म्हणण्याची घाई आपण करू नये. येथे प्रश्न फतव्याचा नाही, तारतम्याचा आहे.

त्या तारतम्यासाठी फिकहने एक साधन दिले आहे. माणसाच्या गरजांचे उलेमांनी तीन दर्जे सांगितले : जीवनासाठी अनिवार्य, अडचण दूर करणारे आणि शोभा वाढवणारे. आयर्लंडच्या गावांतील गरीब कुटुंबांनी शतकानुशतके हाताने पीट कापून थंडीत चूल पेटवली. त्यांची गरज पहिल्या दर्जाची होती. अंगणातील हंगामी फुले तिसऱ्या दर्जाची आहेत. शोभा निषिद्ध नाही. पण तिच्यासाठी मूळच खर्ची घालावयाचे असेल, तर तिने आपली पायरी ओळखली पाहिजे.

पीट सोडले की प्रश्न सुटला, असे मात्र समजू नका. ‘बोर्ड ना मोना’ ही 1946 मध्ये स्थापन झालेली आयर्लंडची सरकारी संस्था. तिने जानेवारी 2021 मध्ये पीट काढणे कायमचे थांबवल्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी तेथील रोपवाटिकांसाठी लॅटव्हियाहून जहाजाने पीट आणले गेले. दलदल वाचली ती एका देशातली. दुसऱ्या देशातली उपसली गेली. पीटऐवजी काथ्याचा भुसा वापरावा तर तो प्रामुख्याने भारत आणि श्रीलंकेतून जातो. येथे हा वाद आपल्या दारापर्यंत येतो. आपल्या रोपवाटिकांत ‘कोकोपीट’ म्हणून ज्या विटा मिळतात त्या याच भुशाच्या; नावात पीट असले तरी ते पीट नव्हे. नारळाची सोडणे दरवर्षी निघतात, म्हणून हा भुसा फळाच्या बाजूचा आहे. परंतु त्यातील क्षार धुण्यासाठी गोडे पाणी लागते, आणि ते पाणी ज्या गावचे असते त्या गावालाही तहान असते. परदेशातील बागेची शुद्धी आपल्या विहिरींच्या खर्चाने होत असेल, तर न्यायाचा काटा पुन्हा एकदा पाहावा लागेल.

म्हणून प्रिय वाचकांनो, सज्जात चार कुंड्या असोत की परदेशी स्थायिक झालेल्या आप्तांच्या घरामागे मोठी बाग असो, माती भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. हे मूळ आहे की फळ? माझी गरज कोणत्या दर्जाची आहे? आणि त्याची किंमत माझ्याशिवाय आणखी कोण मोजत आहे? पुष्कळदा उत्तर घरातच सापडेल : भाजीची देठे, चहाचा चोथा, फाटकापाशी जाळला जाणारा पालापाचोळा. त्याचे खत होण्यास काही महिने लागतात, हाताला घाण लागते, आणि प्रत्येक वेळी ते सारखे उतरत नाही. पण ते दरवर्षी पुन्हा होते, आणि त्यासाठी कोणाच्याही ठेवीला हात लावावा लागत नाही. ज्याने ही जमीन आपल्या हवाली केली, तो आपल्याला तिचे फळ खाण्याची आणि मूळ राखण्याची समज देवो.