आपला पाण्याचा घडा इटियाडोहला आहे

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १३



आजचा श्लोक तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असेल. यज्ञ करून जे उरतं ते खाणारे सज्जन सगळ्या पापांतून सुटतात, आणि जे फक्त स्वतःसाठी शिजवतात ते पापच खातात, असा त्याचा भाव. आपण तो साधारण असा घेतो की आधी नैवेद्य, मग आपलं ताट. त्यात चूक काहीच नाही. आपल्या सत्संगाच्या ग्रुपवर या विषयाच्या चर्चाही जोरात चालतात. चीजमध्ये रेनेट असतं का, बाहेरच्या पनीरच्या भाजीत कांदा-लसूण असेल तर काय करायचं, पाकिटामागच्या बारीक अक्षरातल्या ई-नंबरचा अर्थ काय, वगैरे.

मी मात्र या वेळी एका वेगळ्याच शब्दावर अडकलो. सुटायचं ते नेमकं कोणत्या पापांतून? चोरी, खोटं बोलणं हे इथे अपेक्षित दिसत नाही. शंकराचार्यांनी भाष्यात स्पष्ट सांगितलंय की ही पापं चूल वगैरे पाच 'सूनां'मधून होणारी आहेत, आणि नकळत घडणाऱ्या इतर हिंसेची.

सूना म्हणजे घरातली सून नव्हे बरं का! सूना म्हणजे जीव मारला जातो ती जागा. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात घरातल्या अशा पाच जागांची यादी आहे : चूल, दळायचा दगड, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. (मनुस्मृतीतलं बरंच काही मला मान्य नाही, ते मी वाचून बाजूला ठेवतो. ही यादी मात्र बाजूला ठेवता येत नाही.) स्वयंपाक करणाऱ्या कुणाचाही हेतू वाईट नसतो. तरीही मुंग्या, किडे, पाण्यातले जीव मरतातच. जेवण म्हटलं की कुणीतरी आपल्यासाठी काहीतरी सोसलेलं असतं. त्याची रोजची परतफेड म्हणून पाच महायज्ञ सांगितले : ऋषींसाठी, देवांसाठी, पितरांसाठी, माणसांसाठी आणि बाकीच्या जिवांसाठी.

आता माझं पुण्यातलं स्वयंपाकघर बघा. चुलीच्या जागी गॅस आणि इंडक्शन. जातं नाही, पीठ पाकिटातून येतं. उखळ नाही, तांदूळ पॉलिश होऊन येतो. घडा नाही, आरओ आहे. केरसुणीचं काम व्हॅक्यूम करतो. पाचांतल्या तीन सूना तर घरातून गायबच झाल्या! वाटतं की सुटलो बुवा, आपल्या घरात हिंसा जवळजवळ नाहीच.

माझ्या धंद्यात याला आउटसोर्स करणं म्हणतात. आपण फक्त एपीआयला हाक मारतो, दहा मिनिटांत उत्तर दारात येतं. पलीकडे कोणता सर्व्हर तापलाय, ते आपल्याला दिसत नाही. पण तो तापत नाही असं थोडंच आहे?

माझ्या घरच्या भाताचा पलीकडचा सर्व्हर मला माहीत आहे, कारण तो माझ्या मामाकडे आहे. महाराष्ट्र एक्सप्रेसनं गोंदियाला उतरायचं, तिथून बल्लारशाह लाईनची गाडी पकडून अर्जुनी मोरगाव, आणि पुढे मामाच्या मोटरसायकलवर. गाढवी नदीवर इटियाडोहचं धरण आहे, १९७० च्या सुमारास झालेलं. त्याचे कालवे गोंदिया जिल्ह्यातून निघून भंडाऱ्यातल्या लाखांदूरकडे आणि गडचिरोलीतल्या वडसा-आरमोरीकडे जातात. जिकडे पाणी तिकडे बांध्या, आणि बांध्यांत धान. धरण चांगलं भरलं तर उन्हाळी धानालाही पाणी सुटतं, नाही भरलं तर खरिपावरच वर्ष काढायचं. मामाच्या घरी दसऱ्यानंतर गप्पांचा पहिला विषय धरणात पाणी किती, हाच असतो.

आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे एक किलो धान पिकायला पावसाचं आणि कालव्याचं मिळून सरासरी अडीच हजार लिटर पाणी लागतं. म्हणजे माझा पाण्याचा घडा कुठे गेला, ते कळलं. तो इटियाडोहला आहे, आणि चांगलाच मोठा आहे. त्या घड्याच्या तळाशी कुणाची तरी शेतं आहेत, कुणाची तरी घरं होती. किड्या-मुंग्यांच्या हिंसेसाठी आपल्या पूर्वजांनी रोजचे पाच यज्ञ सांगितले. एवढ्या मोठ्या घड्याला किती लागतील?

आणि रोवणी! जुलै-ऑगस्टमध्ये बाया दिवसभर कमरेतून वाकून, पोटरीभर चिखलात पऱ्हे रोवतात. मागे मागे सरकत जातात, गाणी म्हणतात, हसतात. संध्याकाळी बांधीतून बाहेर आल्या की पायाच्या बोटांमधल्या चिखल्या दिसतात. मामी त्यांच्यातच असते. तिच्या हातचा भात खाताना मी कधी ताटात शीत टाकलेलं नाही, कारण ती समोर बसलेली असते. एकदा मी तांदूळ धुऊन पाणी मोरीत ओतायला निघालो तर म्हणाली, "बाबू, धोवन कायले फेकून रायला? गाईले दे नं." तिला पंचमहायज्ञ कुणी शिकवलेले नाहीत. तरी जिवांचा वाटा तिच्या हातून सुटत नाही. कापणीनंतर बांधीत पडलेल्या लोंब्या सरवा वेचणाऱ्यांच्या, त्याही ती कधी मोजत नाही.

आता थोडा हिशोब. २०२५-२६ च्या खरिपासाठी साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये आहे. सरकारी भरडाईत क्विंटलभर धानाचा ६७ किलो तांदूळ धरतात. म्हणजे तांदळाच्या किलोमागे शेतकऱ्याला साधारण ३५ रुपये. त्यातून बियाणं, खत, ट्रॅक्टर, रोवणीचा रोज आणि कापणी भागवायची. बारीक धानाला व्यापारी जास्त देतात हे खरं, पण कर्जाचा हप्ता डोक्यावर असला की भाव सांगणारा व्यापारीच असतो.

बारीक धानावरून आठवलं. पिशवीवर 'एचएमटी' लिहिलेलं असतं ना? ते नाव घड्याळावरून आलंय. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे, दीड एकराचे शेतकरी. १९८३ मध्ये त्यांना आपल्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी निवडल्या, वर्षानुवर्षं जपून वाढवल्या आणि त्यातून हे वाण तयार झालं. तेव्हा एचएमटी घड्याळांची चलती होती, म्हणून नाव पडलं एचएमटी. ३ जून २०१८ ला ते गेले. पंचमहायज्ञातला पहिला ऋषींचा, म्हणजे ज्यांनी ज्ञान दिलं त्यांचा. मी तो करताना व्यास-वाल्मीकींबरोबर त्यांचंही नाव घेतो. कुणाला चालत नसेल तर नसो.

हे सगळं कागदावर ठीक आहे. खरा पेच आला तो आमच्या अन्नदानात.

आम्ही महिन्यातून एकदा बांधकामावरच्या मजुरांच्या वस्तीत खिचडी वाढतो. तांदळाचं बजेट ३,६०० रुपये. एक ठोक व्यापारी ४५ रुपये किलोनं द्यायला तयार झाला. नेहमीच्या दुकानात तसाच तांदूळ ६० ला. एवढा स्वस्त कसा, असं विचारल्यावर त्यानं काहीच लपवलं नाही. म्हणाला, दिवाळीच्या तोंडावर शेतकऱ्याला पैशाची नड असते, तेव्हा रोख देऊन माल उचलतो. बेकायदा काही नाही, बाजारच असा चालतो.

४५ नं ८० किलो येतो, ६० नं ६०. फरक २० किलोचा. माणशी शंभर ग्रॅम धरले तर दोनशे ताटं! आमचा हिशोब बघणारे दादा म्हणाले, "तुझ्या तत्त्वापायी दोनशे माणसं उपाशी परत पाठवायची का?" प्रश्न अगदी खरा आहे. मामा-मामीची आठवण काढून तो टाळता येत नाही. शिवाय ते पुढे म्हणाले, "भगवंताला अर्पण केलं की शुद्धच झालं ना सगळं?"

दुसऱ्या मुद्द्याचं आधी बोलतो. आजच्या श्लोकाच्या अगदी आधीच्या श्लोकात भगवंत म्हणतात की देवांनी दिलेलं त्यांना परत न देता जो भोगतो तो चोरच. म्हणजे क्रम बघा : आधी देणं फेडा, मग उरलेलं खा. नैवेद्य हा देणं फेडण्याचा शेवटचा टप्पा आहे, देणं पुसून टाकायचा खोडरबर नाही. मामीचे पैसे कापून तिच्याच तांदळाचा नैवेद्य दाखवला तर भगवंत तो कोणाच्या नावावर जमा करतील?

पहिल्या मुद्द्यासाठी मला छांदोग्य उपनिषदातली एक गोष्ट उपयोगी पडली. पहिल्या अध्यायात उषस्ति चाक्रायणाची कथा येते. कुरुदेशावर संकट येऊन पिकं गेलेली. उषस्ति हत्तीवाल्यांच्या गावात राहतो, उपाशी आहे. एक जण कुळीथासारखं काही साधं धान्य खात बसलेला असतो. उषस्ति त्याच्याकडे मागतो. तो म्हणतो, माझ्याकडे हे उष्टंच आहे. उषस्ति म्हणतो, तेच दे, आणि खातो. मग तो माणूस पाणी पुढे करतो तर उषस्ति नको म्हणतो, ते उष्टं पिणं होईल! समोरचा चकित होतो : मग आत्ता खाल्लंस ते उष्टं नव्हतं का? उषस्तिचं उत्तर असं की ते खाल्लं नसतं तर मी जगलो नसतो, पाणी मला हवं तिथे मिळेल.

किती बारीक रेघ ओढलीये बघा. एकाच माणसाच्या हातचं, एकाच जागी, एक घेतलं आणि एक नाकारलं. जिथे दुसरा मार्गच नाही तिथे नियम मागे सरतो. जिथे निवड आहे तिथे तो पुन्हा पुढे येतो.

हे आमच्या खिचडीला लावून पाहिलं. भूक मजुरांची, निवड मात्र आमची. ते उपाशी आहेत म्हणून त्यांनी काय खाल्लं याला कुणी बोट लावू नये. पण त्यांच्या भुकेचं कारण पुढे करून खरेदीतली सूट आम्ही घ्यावी का? आमच्याकडे तर दुसरे मार्ग होते. त्याच महिन्यात सजावटीच्या फुलांवर २,००० रुपये खर्च झाले होते. ८० किलो तांदूळ पूर्ण भावानं घ्यायला १,२०० रुपये कमी पडत होते. म्हणजे प्रश्न दोनशे ताटं की तत्त्व, असा नव्हताच. ताटं की हार, असा होता.

इथे एक जुना शब्द आठवतो, आश्रयदोष. आहार शुद्ध असला की मन शुद्ध होतं, असं छांदोग्यातच पुढे सातव्या अध्यायात येतं. शंकराचार्य तिथे आहाराचा अर्थ इंद्रियांनी आत घेतलेलं सगळंच असा करतात. रामानुजाचार्य मात्र ताटातल्या अन्नाबद्दलच बोलतात आणि तीन दोष सांगतात : अन्नाच्या जातीचा, ते ज्याच्याकडून आलं त्या आश्रयाचा, आणि केस-धूळ पडल्याचा. मधल्या दोषाचा आपल्याकडे फार वाईट उपयोग झाला. कुणाच्या हातचं पाणी चालतं, कुणाच्या हातचं नाही, हे ठरवण्यात शतकं गेली. नाथमहाराजांनी श्राद्धाचा स्वयंपाक आधी गावकुसाबाहेरच्या भुकेल्यांना वाढल्याची कथा आपण कीर्तनात ऐकतो, डोळे पुसतो आणि घरी येतो. मला वाटतं रोवणाऱ्या हातात दोष शोधणं हे उलटं वाचन होतं. दोष असलाच तर कमी पैसे टेकवून पिशवी उचलणाऱ्या हातात आहे, आणि तो हात बहुतेक वेळा आपलाच असतो.

बैठकीत वाद झाला. "देवाची फुलं कमी करायची?" असंही आलं. नवव्या अध्यायात भगवंत पान, फूल, फळ, पाणी यांतलं काहीही भक्तीनं दिलेलं चालतं असं म्हणतात, आणि फूल तिथे एकच आहे, हे मी दाखवलं. शेवटी दादांनीच मध्यम मार्ग काढला : हार ८०० रुपयांत बसवायचे, उरलेले १,२०० तांदळाला. तेव्हापासून ८० किलो पूर्ण भावानं येतो. काही घरं मिळून मामाच्या गावाहून थेट तांदूळ मागवायचंही ठरलंय. त्यात वाहतूक आहे, पावसाळ्यात सोंडे होतात, निवडत बसावं लागतं. आमच्या घरी या निवडण्यावरून रविवारी सकाळी होणारा संवाद इथे लिहिण्यासारखा नाही!

एका काकूंचं मात्र अजून पटलेलं नाही. त्या फुलं निवडायला बसतात. परवा म्हणाल्या, "अरे, आपला फुलवाला पण गरीबच आहे ना? त्याचे १,२०० गेले ते कुणी मोजले?" त्यांचं म्हणणं मी बैठकीच्या वहीत लिहून ठेवलंय, पुढच्या महिन्याच्या हिशोबाआधी त्यावर बोलायचं आहे.

उद्याचा श्लोक पुढचाच, अन्न पर्जन्यापासून होतं तो. मामाचा सकाळीच मेसेज आलाय, धरणात पाणी किती ते सांगणारा. उद्या तिथूनच सुरू करू.

राम कृष्ण हरी.